खडकाखालचं रान

महाळुंग्याच्या त्या प्लॉटवर दीक्षा ओव्हाळ पहिल्यांदा उतरली तेव्हा फर्स्ट शिफ्टच्या बसेस कामगारांना सोडून रिकाम्या परतत होत्या. निगडीहून निघायचं, तळवड्याच्या चौकात अडकायचं, तिथून पुढं कंटेनरच्या मागं मुंगीच्या पावलानं सरकायचं आणि धुळीनं माखून साइटवर पोचायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा रोजचा क्रम होता. त्या दिवशीही त्यात काही वेगळं घडलं नाही.

प्लॉट दोनेक एकरांचा. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग ठोकणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला गोदामाची निळी पत्र्याची भिंत. या दोहोंच्या मधे जागामालक शेखरचं रान. रान म्हणायचं ते केवळ सवयीनं. वरची काळी माती त्यानं दोन वर्षांपूर्वीच डंपरनं उचलून विकली होती आणि आता तिथं नुसता तांबूस मुरूम उघडा पडला होता. कोपऱ्यात त्यांचं घर, घरापुढं पेव्हर ब्लॉकचं अंगण, आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत शेखरचे वडील, भिमाजी आबा, काठीवर हनुवटी टेकून बसलेले.

शेखरला या जागेवर कामगारांसाठी चार मजली हॉस्टेल बांधायचं होतं. त्याआधी जमिनीची तपासणी. ती दीक्षाच्या कंपनीकडं आली होती.

इमारत खचली की लोक सिमेंटला, सळईला आणि कंत्राटदाराला शिव्या घालतात. जमिनीला कुणी बोलत नाही, कारण तिला आधी कुणी विचारलेलंच नसतं. दीक्षाचं काम ते विचारायचं. ठरलेल्या जागी भोक पाडायचं, ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या वजनाचा हातोडा सोडायचा आणि नळी जमिनीत शिरायला किती ठोके लागतात ते मोजायचं. थोड्या ठोक्यांत शिरली तर जमीन मऊ. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या भिंतींना तडे पाडते. मुरूम बरा. खडक सगळ्यांत भरवशाचा. पाया किती खोल न्यायचा, किती रुंद ठेवायचा, हे त्या उत्तरांवर ठरतं. पिंपरीच्या एका कंपनीत फिटर म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील पाहुण्यांना सांगत, "आमची पोरगी जमिनीची नाडी बघते." तिला ते आवडायचं नाही. नाडीत अंदाज असतो, असं तिचं म्हणणं होतं.

"ताई, कशापायी भोकं पाडताय?" पहिल्याच दिवशी आबांनी खुर्चीतून विचारलं.

"खाली काय आहे ते बघायचंय, आबा. वर चार मजले चढणार आहेत."

"खाली काय असणार? खडक हाय. माझ्या बानं हीर खणली तवा सुरुंग लावाया लागलं हुतं. मला इचारलं असतं तर फुकाट सांगितलं असतं की."

"आबा, मॅडमच्या पोटावर नका पाय देऊ," भोक पाडायच्या मशीनवरून, रिगवरून, नवनाथ ओरडला. तो बीडकडचा. तिच्या साइटवर मशीन त्याचंच असायचं. आबा हसले. आतून त्यांची बायको सोजराबाई चहाचे कप घेऊन आली. "ह्यांना कुणीतरी बोलाया मिळालं म्हंजे झालं," ती म्हणाली. "दिसभर त्या भिंतीकडं बघत बसत्यात. भिंतीला काय अंकुर फुटनार हाय व्हय?"

"फुटंल बी," आबा म्हणाले. "तू गप."

पहिली तीन बोअर जशी व्हायची तशी झाली. वर मुरूम, खाली कुजका खडक, त्याखाली काळा कातळ.

या पट्ट्यात एक रीत आहे. कातळ लागला की त्यात तीन मीटर जायचं आणि थांबायचं. त्याहून खाली कुणी जात नाही, कारण त्याहून खाली जाऊन कुणाला काही मिळालेलं नाही. चौथ्या बोअरलाही दीक्षा तिथंच थांबणार होती. पण हिंजवडीच्या दुसऱ्या साइटवरून फोन आला. तिथल्या सुपरवायझरनं नमुन्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. त्याला झापण्यात तिचा वेळ गेला. तिनं 'थांब' म्हटलं नाही म्हणून नवनाथनं मशीन थांबवलं नाही. एवढीच चूक.

मशीनचा आवाज बदलला म्हणून तिनं मागं पाहिलं. रॉड हातभर एकदम खाली गेले होते. कातळ कापणारं टोक थंड ठेवायला सोडलेलं पाणी उलटून वर येत असतं, तेही यायचं बंद झालं होतं. भोकानं सगळं पिऊन टाकलं होतं.

"पोकळी लागली मॅडम," नवनाथ म्हणाला.

"नाही, दोन कातळांच्या मधे कधीकधी लाल मातीचा थर असतो. वर काढ."

नळी वर आली. नवनाथनं ती आडवी धरून लाकडी पेटीत रिकामी केली. आधी कातळाचे गुळगुळीत दंडगोल निघाले, एकामागोमाग एक. मग त्यांच्या मागून माती आली.

ती लाल नव्हती. काळी होती, ओलसर, भुसभुशीत. तिच्यात कापलेल्या ज्वारीचं बोटभर धसकट होतं, मुळांसकट.

दीक्षानं धसकट उचलून पाहिलं. मुळं पांढरी होती. तिनं नखानं एक तोडलं. आतून ओल आली.

"वरनं पडलं असेल," ती म्हणाली.

नवनाथनं आजूबाजूला पाहिलं. वर सगळीकडं मुरूम होता. काळ्या मातीचा कणसुद्धा त्या प्लॉटवर उरला नव्हता. 

आबा खुर्चीवरून उठून कधी आले ते कुणाला कळलं नाही. त्यांनी पेटीतली चिमूटभर माती घेतली, चोळली, नाकाशी नेली आणि मग सहज, जेवताना भाजीचं मीठ बघावं तशी जिभेवर ठेवली.

"आपली हाय," ते म्हणाले. "ह्या रानाची."

"आबा, ती वीस-बावीस फुटांवरून आलीय. कातळाखालून."

"आसंल. पर वळखीची हाय. नांगरट झालीया बघा नुकतीच."

दीक्षानं माती पिशवीत भरली, चिठ्ठी लावली आणि भोसरीच्या लॅबला पाठवून दिली. भोकाच्या तोंडाशी लोखंडी पाइप होताच, त्याच्यावर झाकण घातलं. पाण्याची पातळी बघायला ते बोअर काही दिवस उघडं ठेवावं लागणार होतं. तसा नियमच आहे. पुढं स्वतःशी हिशेब मांडताना तिला या नियमाचा आधार घ्यायचा मोह व्हायचा. पण नियमाला दोन दिवस पुरले असते. बाकीचे दिवस तिचे होते. तिला जाणून घ्यायचं होतं.

लॅबमधल्या रुपालीचा फोन आला. "मॅडम, चिठ्ठी चुकली का? खोलीच्या ठिकाणी जे लिहिलंय ते बरोबर वाटत नाही. ही वरच्या थरातली माती आहे. शेतातली."

"चिठ्ठी मी लावलीय."

"मग ठीक आहे." रुपाली थोडी घुटमळली. "मॅडम, उरलेलं सॅम्पल डबीत ठेवलं होतं. त्यात कोंब आलाय."

दीक्षा म्हणाली, बी असेल. रुपाली म्हणाली, हो, बीच असणार.

नवनाथनं पाचवं बोअर संपवलं. तिथं खाली कातळच होता. यावेळी दीक्षानं मुद्दाम खोल जायला लावलं, तरीही कातळच.

दोन-तीन दिवसांनी ती पाण्याची पातळी मोजायला आली तेव्हा आबांची खुर्ची अंगणातून प्लॉटवर आली होती, चौथ्या बोअरच्या पाइपाशेजारी. वर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. आबांनी डोक्यावर टॉवेल टाकला होता आणि एक हात पाइपाच्या तोंडावर ठेवला होता, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. झाकण काढून बाजूला ठेवलेलं.

"आबा, उन्हात कशाला?"

"हितं गार हाय. हात लावा."

तिनं हात लावला. पाइपातून वारा येत होता, हळू, थांबून थांबून. यात नवल काही नव्हतं. हवेचा दाब बदलला की खोल भोकं श्वास घेतात, हे पुस्तकात दिलेलं आहे. तिनं तसं आबांना सांगितलं. आबांनी मान डोलावली. पण त्या वाऱ्याला भिजलेल्या कडब्याचा वास होता, आणि तो पुस्तकात नव्हता.

तिनं मोजपट्टीला बांधलेला लोखंडी गोळा आत सोडला. पाणी लागलं नाही. गोळा वर आला तेव्हा त्याला चिखल होता.

त्या दिवशी निघताना सोजराबाईनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसवर आमटी उकळत होती. सोजराबाईनं दार लोटून घेतलं.

"बाई, ह्ये जेवत न्हाईत. ताट केलं की म्हनत्यात, जेवलो. कुठं जेवलात, तर रानात म्हनं. रान कुठं हाय?"

"वय झालंय, आजी. विसरत असतील. डॉक्टरांना दाखवलं का?"

"दावलं चाकनला. गोळ्या दिल्या." ती खाली बसली, कोपऱ्यातल्या बादलीतून एक पायजमा उचलून तिनं दीक्षापुढं धरला. खालच्या काठाला गुडघ्यापर्यंत काळा चिखल होता, आणि त्यात गवताची कुसळं रुतलेली. "ह्यो कालचा. परवाचा धुतला. अंगनात फरशी, भाईर मुरूम, रस्त्याला डांबर. कुठनं आनत्यात ही माती?"

शेखरला दीक्षानं विचारलं तर तो फोनवरून म्हणाला, "अहो मॅडम, भामा नदीच्या कडेला आमच्या मामाचं शेत आहे, तिकडं जात असतील रिक्षानं." दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून फोन केला. "मामा म्हणतो, आबा आले नाहीत. गेटवरचा कॅमेरा पण बघितला. आबा गेटबाहेर गेलेलेच नाहीत."  मग म्हणाला, "ते राहू द्या. रिपोर्ट कधी मिळतोय? बँकवाला रोज डोकं खातोय, राव."

रिपोर्टचं सगळं लिहून झालं होतं. फक्त चौथ्या बोअरपुढची ओळ कोरी होती. त्या ओळीत काय लिहायचं ते दीक्षाला माहीत होतं. तसं लिहिलेले शंभर रिपोर्ट तिच्या कपाटात होते. बोअर बुजवलं की ते लिहिता आलं असतं.

ती पुन्हा गेली. या वेळी पाइपातून वारा येत होता त्यात हिरवा, ओला वास होता, उभ्या पिकाचा. आबांच्या मिशांना पिवळट भुकटी लागली होती.

"आबा, मी हे आता बुजवणार आहे. उघडं ठेवणं बरं नाही. कुणाचा पाय अडकेल."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. ते रागावले नाहीत. भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलावं तशा समजुतीच्या सुरात म्हणाले, "काढनी हुऊ द्या. कनसं दुधात आल्यात. धा-पंधरा दिसांचं काम. मग बुजवा, माझी ना न्हाई."

"कुठली काढणी, आबा?"

 त्यांनी खिशातून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. भाजून चोळलेला हुरडा होता. कोवळा, हिरवा, अजून कोमट. एप्रिल महिन्यात.

"पोरी, म्या रान इकलं न्हवतं," ते हळू म्हणाले. "कागूद पोरानं केला, माती पोरानं इकली. म्या आंगठा दिला, पर इकलं न्हवतं. मातीला ठावं हाय त्ये."

दीक्षा म्हणाली, "बघू."

'बघू' हा शब्द ती साइटवर दिवसातून वीसदा वापरायची. त्याचा अर्थ हो होत नाही. आबांनी तो हो असा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला ते दिसलं, आणि तिनं दुरुस्ती केली नाही.

हुरडा तिनं गाडीत बसून खाल्ला. तो गोड होता.

त्यानंतरच्या आठवड्यात सोजराबाईचाच फोन आला. मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि ती दबक्या आवाजात बोलत होती.

"बाई, त्ये बुजवा. आजच बुजवा."

"काय झालं, आजी?"

"काल म्हनले, तू बी चल. तिकडं खोप घातलीया म्हनले, दोघांना पुरंल. म्या म्हनलं, माझं गुडघं गेल्यात, नातवंडांची शाळा हाय, मी कुठं येऊ? तर म्हनले, बरं. काढनी झाली की मग माझं येनं-जानं व्हनार न्हाई, सांगून ठेवतो." तिचा आवाज फुटला. "सांगून ठेवतो म्हनले. गावाला निघाल्यागत. पन्नास वर्सं झाली लग्नाला. मला ह्यो मानूस हितं पायजे. माझ्याम्होरं, खुर्चीत. येडा झाला तरी चालंल."

दीक्षानं एकाला बघू म्हटलं होतं. आता दुसरी रडत होती. शिवाय शेखरचा बँकवाला होता, नियम होता, कोरी ओळ होती. ती पुढं अनेकदा या क्षणाकडं परत गेली, पण तिथं तिला दुसरा रस्ता कधीच सापडला नाही. सापडला नाही याचंच तिला अधिक वाईट वाटायचं.

तिनं एकच अट घातली. "आबा तुमच्या डोळ्यांसमोर असताना बुजवायचं. घरात. हातभर अंतरावर."

दुपारची जेवणं झाल्यावर नवनाथनं ड्रममध्ये सिमेंटची स्लरी कालवली. आबा ओसरीवरच्या बाजेवर झोपले होते. कुशीवर, हात उशाला घेऊन. दीक्षानं स्वतः जाऊन पाहिलं. श्वास चालू होता. सोजराबाई बाजेच्या कडेला बसली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. "हायेत," ती म्हणाली. "हायेत बाई. करा सुरू."

दीक्षानं हात वर केला. नवनाथनं पंप चालू केला.

एवढ्या भोकाला किती स्लरी लागेल याचं गणित सोपं आहे. ती संपली. वर काही आलं नाही. नवनाथनं आणखी कालवली. तीही गेली. त्यानं शेखरच्या शेडमधली शिल्लक पोती आणली.

"कुठं चाललंय मॅडम हे सगळं?"

"तडे असतील कातळात. चालू ठेव."

पाइपातून येणारा वारा थांबला होता. वास अजून येत होता, हिरवा, दाट. मग त्यात सिमेंटचा वास मिसळला आणि हिरवा वास पातळ होत गेला.

खालून काहीतरी ऐकू आलं. लांब. माणूस जनावरांना घाईनं हाकतो तसं.

नवनाथनं दीक्षाकडं पाहिलं. दीक्षानं ओसरीकडं पाहिलं. आबा बाजेवर होते. सोजराबाईच्या हातात मनगट होतं.

"चालू ठेव," दीक्षा म्हणाली.

करडी स्लरी पाइपाच्या तोंडाशी आली, थबकली, आणि तिच्यात एक मोठा बुडबुडा आला. तो फुटला तेव्हा खोकल्यासारखा आवाज झाला.

एकदाच.

मग स्लरी स्थिर राहिली.

ओसरीवर आबा उठून बसले. त्यांनी सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. नवख्या घरी आलेला पाहुणा बघतो तसं, हसऱ्या, अदबीच्या चेहऱ्यानं. मग सोजराबाईच्या हातातून आपलं मनगट हलकेच सोडवून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?"

दीक्षानं रिपोर्टमध्ये लिहिलं: चौथ्या बोअरमध्ये मातीचा स्थानिक थर आढळला, तो सिमेंटनं भरून घेतला आहे, पायाला धोका नाही. ओळ खरी होती. तिच्यातला एकही शब्द कुणी खोटा ठरवू शकलं नसतं. शेखरला कर्ज मंजूर झालं. त्यानं तिला पेढे पाठवले आणि फोनवर सांगितलं, "आबा एकदम बरे झाले मॅडम. दोन वेळा जेवतात, टीव्ही बघतात. प्लॉटवर फिरकत पण नाहीत. तुमचे उपकार."

नवनाथनं त्या पट्ट्यातली कामं घ्यायचं सोडलं. कारण विचारलं तर म्हणायचा, ट्रॅफिक फार आहे, मॅडम.

पायाचे खड्डे खणून झाले की काँक्रीट ओतण्याआधी तळ तपासावा लागतो. त्यासाठी ती जूनच्या सुरुवातीला शेवटची गेली. गुरुवार होता. गुरुवारी सगळ्या पट्ट्याला सुट्टी. शेजारचा कारखाना बंद होता, रस्त्यावर ट्रक तुरळक होते, आणि महाळुंग्यात कधी नसते तशी शांतता होती. तिनं एकेका खड्ड्यात उतरून हातोडीनं कातळ वाजवून पाहिला. सगळीकडं तो खणखणीत वाजला. चौथ्या बोअरच्या जागीही. तिथं सिमेंटची करडी टिकली तेवढी दिसत होती.

वर आली तेव्हा आबा अंगणात खुर्चीत बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, टोपी नीट. काठी नव्हती. पावलं फरशीवर जोडून ठेवलेली, हात मांडीवर. तिनं विचारलं, "कसे आहात, आबा?"

"छान," ते म्हणाले. "बसा ना."

त्यांच्या बोलण्यातला गावाकडचा हेल गेला होता. ती बसली नाही. सोजराबाई दारातून तिला खुणावत होती.

स्वयंपाकघरात जेवणाची तयारी दिसत नव्हती. ओट्याखालचा सिलिंडर सरकवून भिंतीशी नेला होता आणि त्याच्या जागी एक फरशी उपसून उभी करून ठेवली होती. खाली हातभर खड्डा होता. कडेला खुरपं पडलं होतं. सोजराबाईची नखं फुटली होती.

"तुमचा दोष न्हाई," ती आधीच म्हणाली, दीक्षानं काही विचारण्याआधी. "म्याच सांगितलं हुतं. म्या मागितलं, हितं खुर्चीत पायजे. तसं मिळालं."

"आजी, आबा बाहेर बसलेत."

"त्यो मला बाई म्हनतो." सोजराबाई खाली बसली, कण्हत, गुडघे धरून. "पन्नास वर्सांत ह्यांनी मला नावानं हाक मारली न्हाई, का बाई म्हनले न्हाईत. अगं म्हनायचे. निस्तं अगं. ह्यो सगळं बरूबर सांगतो. बैलांची नावं इचारली, सांगितली. लगीन कुठं झालं, सांगितलं. काय बी चुकत न्हाई." तिनं खड्ड्याकडं बोट केलं. "आन् दुपारच्याला हितनं हाक येती. आधी मोठ्यानं यायची. आता बारीक झालीया."

"कारखान्याच्या प्रेसचे दणके बसतात, आजी. जमिनीतून आवाज जातो."

"आज बंद हाय कंपनी."

दीक्षाला हे ठाऊक होतं. खाली मुरूम आहे, मुरुमाखाली कुजका खडक, त्याखाली कातळ, हेही ठाऊक होतं. तिनंच मोजलं होतं. तरी ती गुडघ्यांवर बसली, एक हात फरशीवर टेकला आणि खड्ड्याशी कान नेला.

बराच वेळ काही नव्हतं. मातीचा गारवा गालाला लागत होता.

"बाई, तुमची ती मशीन," सोजराबाई तिच्या कानाशी कुजबुजली, "कवा मोकळी व्हईल? म्या हातानं किती खनू?"

दीक्षानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालून आलं. फार खालून. दमलेल्या माणसाच्या घशातून निघालेला एकच शब्द.

"अगं..."

सोजराबाई जमिनीला तोंड लावून म्हणाली, "व्हय वं. हाय हितंच."

दीक्षानं मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारातून सरळ अंगण दिसत होतं. खुर्चीतला माणूस पाठमोरा, गोदामाच्या भिंतीकडं बघत बसला होता. तो वळला नाही. फक्त हाक पुन्हा आली तशी त्यानं दोन्ही पावलं जमिनीवरून अलगद उचलून घेतली, खुर्चीवर पोटाशी दुमडून धरली, आणि पुन्हा सगळं शांत होईपर्यंत तसाच बसून राहिला.